पैसेवारीला इंग्रजीत काय म्हणायचं?

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सोयाबीन काढणीला आलं आणि पावसाने झोडपून काढलं. आमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाच्या वडिलांना पीक विम्याचा मेसेज आला, इंग्रजीत. दावा नाकारला होता आणि कारण एका ओळीत दिलं होतं. वडिलांनी मोबाईल पोरापुढे धरला. पोराचा विषय ऑप्शनल इंग्रजी, वर्गात पहिल्या तिघांतला. त्याने मेसेज दोनदा वाचला आणि 'इंटिमेशन' या शब्दापाशी अडला. दुसऱ्या दिवशी बापलेक दोघंही स्टाफरूमच्या दारात उभे. वडील म्हणाले, "सर, पोरगं तीन वर्षं झालं इंग्रजीच शिकायलंय की. आन् येवढी एक ओळ सांगंना."

तिथे 'इंटिमेशन' म्हणजे नुकसानीची सूचना. नियमाप्रमाणे ती ७२ तासांच्या आत द्यायची होती. यांनी पाणी ओसरल्यावर, पाचव्या दिवशी दिली. मला लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. हाच शब्द वर्ड्स्वर्थच्या एका गाजलेल्या ओडच्या नावात आहे, आणि ती कविता या पोराला मीच शिकवली होती. अमरत्वाची चाहूल, बालपणीचं तेज वगैरे त्याने परीक्षेत झकास लिहिलं होतं. चाहूल आणि सूचना हे एकाच शब्दाचे दोन चेहरे आहेत, हे मात्र त्याला कुणी दाखवलं नव्हतं. म्हणजे मीच दाखवलं नव्हतं.

दर जूनमध्ये पोरं विचारतात, "सर, इंग्रजीत पुढं कोणत्याला स्कोप हाय?" साहित्य घ्यावं, भाषाशास्त्र घ्यावं, लेखन घ्यावं की बी.एड.च्या दृष्टीने भाषाशिक्षण? पूर्वी मी 'ज्यात आवड आहे ते घे' असं गुळगुळीत उत्तर द्यायचो. त्या मेसेजनंतर माझं उत्तर बदललं. मराठवाड्यातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला इंग्रजी घेऊन पदवी करायची आहे, तिने भाषांतर आणि व्यवहारातलं लेखन हा कणा धरावा आणि साहित्य त्याच्या आधाराने वाचावं. आज आपण बरोबर उलटं करतो. साहित्य हा धर्म आणि भाषांतर म्हणजे शेवटच्या युनिटमधला, परीक्षेच्या आठवड्यात उरकायचा पंधरा मार्कांचा प्रश्न.

पण आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. मुलं स्पेशलायझेशन निवडतात हे अर्धंच खरं आहे. पुष्कळदा निवड वर्कलोड करतो, म्हणजे शिक्षकांच्या तासांचा हिशेब. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, सगळी शब्दसंपदा आली. इलेक्टिव्ह म्हणजे निवडीचा विषय. तालुक्याच्या कॉलेजात त्या रकान्यात दोन नावं छापलेली असतात आणि शिकवायला माणूस एकच. तोही बऱ्याचदा तासिका तत्त्वावर, दोन गावांतल्या दोन कॉलेजांमध्ये एसटीने ये-जा करणारा. तो जे शिकला तेच शिकवणार. आणि तो शिकला काय? प्राध्यापक होण्यासाठीच्या सेट-नेट परीक्षांना जे लागतं ते. नेटच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात दहा युनिटं आहेत: नाटक, कविता, कादंबरी, ललितेतर गद्य, भाषा, भारतातली इंग्रजी, संस्कृती अभ्यास, समीक्षा, सिद्धांत, संशोधन पद्धती. त्यात भाषांतराला स्वतःचं युनिट नाही. म्हणजे मास्तर घडवणाऱ्या साच्यातच ते नाही, मग वर्गात कुठून येणार? अशा वेळी 'विद्यार्थ्यांची पसंती साहित्यालाच आहे' असं म्हणणं म्हणजे हॉटेलात फक्त पोहे शिजवायचे आणि गावाला पोहेच आवडतात असा अहवाल द्यायचा.

हा साचा आपण जितका सनातन समजतो तितका तो नाही. खुद्द ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य हा पदवीचा स्वतंत्र विषय म्हणून १८९४ मध्ये उभा राहिला. त्याच्या कितीतरी आधी हिंदुस्थानातल्या कॉलेजांमध्ये शेक्सपिअर आणि मिल्टन घोकले जात होते. अमेरिकेत तर 'इंग्रजी' आणि 'लेखन' अशी जोडनावाची पदवीही मिळते. तिथे साहित्य, सर्जनशील लेखन, व्यावसायिक लेखन अशा वाटा फुटतात. आयोवा विद्यापीठात लेखन शिकवण्याची प्रसिद्ध कार्यशाळा १९३६ मध्ये सुरू झाली. त्यांच्या वाटा त्यांच्या गरजांतून निघाल्या. आपल्या कुठून निघाव्यात?

त्यासाठी लांब जायची गरज नाही, हैदराबादला जाऊन यावं. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं. शिक्षणाचं माध्यम उर्दू ठरलं, पण उर्दूत पदार्थविज्ञानाची, अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तकं कुठे होती? म्हणून विद्यापीठाच्या आधी, १९१७ मध्ये, निजाम सरकारने 'दारुल तर्जुमा' उघडलं. तर्जुमा म्हणजे भाषांतर. पहिल्यांदा भाषांतराचं घर, मग विद्यापीठ. मौलवी अब्दुल हक हे या खात्याशी जोडलेले. त्यांची 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' ही संस्था बरीच वर्षं औरंगाबादेतूनच चालायची. त्यांच्या संपादनाखालचा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये निघाला, त्यावर गावाचं नाव औरंगाबाद आहे. निजामाच्या राज्याबद्दल मराठवाड्याच्या मनात काय आहे ते मी नव्याने सांगायला नको. मराठी शाळांची त्या काळात जी परवड झाली ती आमच्या आजोबांनी भोगली. पण इंग्रजीशी आपली गाठ कुणी आणि कशी घालून दिली हे पाहिलं तर पुण्या-मुंबईचा इतिहास इथे लागू पडत नाही. तिथे इंग्रजी आली ती कवितेचं आणि कायद्याचं बोट धरून. आपल्या प्रांतात उच्च शिक्षणाची पहिली वीट भाषांतराची होती. १९५८ मध्ये आपलं विद्यापीठ झालं तेव्हा ही वीट कुठे गेली, कुणास ठाऊक.

आता कामाचं बोलू, कारण 'स्कोप'चा प्रश्न मी टाळतोय असं वाटेल.

राज्यघटनेच्या ३४८व्या कलमानुसार उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९८१ पासून आहे. खालच्या कोर्टातली साक्ष मराठीत, पंचनामा मराठीत, सातबारा-फेरफार मराठीत, खरेदीखत मराठीत. हे सगळं घेऊन पक्षकार वर गेला की त्याची इंग्रजी करावी लागते. वकिलांच्या ऑफिसांत जाऊन विचारा, चांगला भाषांतर करणारा माणूस मिळतो का म्हणून. टायपिस्ट मिळतात. सातबाऱ्यावरच्या रकान्यांची इंग्रजी नावं पाठ असलेलेही मिळतात. पण 'ही जमीन माझ्या वहिवाटीत आहे' आणि 'हा वहिवाटीचा रस्ता आहे' या दोन वाक्यांतली वहिवाट वेगवेगळी आहे हे ओळखून लिहिणारा विरळा. पहिल्या वाक्यात कसणं आणि ताबा आहे. दुसऱ्यात कैक वर्षांच्या जाण्या-येण्याने पडलेला हक्क आहे. दोन्हीकडे एकच इंग्रजी शब्द ठोकला की बांधावरचं भांडण न्यायमूर्तींपुढे भलत्याच रूपात उभं राहतं. यात एखाद्या घराचा रस्ता बंद होतो, नुसते मार्क जात नाहीत.

त्यात मराठवाड्याची आणखी एक गंमत आहे, जी ना पुण्याला आहे ना नागपूरला. आपले जुने कागद उर्दूत आहेत, काही मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा तहसीलच्या कपाटांतून बस्ते निघाले, आणि ते वाचणार कोण, असा प्रश्न पडला. मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. मला दिसलं ते एवढंच की लाखो माणसांचं काहीतरी ज्या कागदांवर अडलंय ते वाचणारी पिढी आपण तयार केली नाही, आणि त्याच वेळी आपल्या भाषा विभागांत पोरं नव्या समीक्षेच्या व्याख्या पाठ करत होती. परभणीच्या किंवा संभाजीनगरच्या गल्लीत वाढलेल्या पोराला दखनी कुणी शिकवावी लागत नाही. अर्धं उर्दू त्याच्या कानात असतंच, राहते ती लिपी. इंग्रजी मेजर, उर्दू किंवा मराठी मायनर आणि जोडीला मोडीचा छोटा अभ्यासक्रम, असा मेळ मी तरी अजून एकाही विद्यार्थ्याच्या फॉर्मवर पाहिलेला नाही.

कोर्टाखेरीजही कामं आहेत. भाषा संचालनालय १९६० पासून आहे, शासनात आणि न्यायालयांत अनुवादकांची पदं असतात. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत यंत्राची माहितीपुस्तिका इंग्रजीत आणि यंत्रावर उभा असलेला कामगार पैठणचा किंवा गंगापूरचा. अजिंठा-वेरूळ १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, तिथल्या कुठल्याही हॉटेलचं माहितीपत्रक उघडून वाचावं आणि हसावं. यातलं कुठलंच काम 'पॅकेज' म्हणून वर्तमानपत्रात येत नाही, म्हणून पोरांना ते दिसत नाही.

माझा मुख्य मुद्दा मात्र नोकरीच्या पलीकडचा आहे. लातूर-बीडची मुलगी फाडफाड इंग्रजी बोलण्याच्या शर्यतीत पुण्याच्या कॉन्व्हेंटमधल्या मुलीच्या मागे असते, कारण ती शर्यत वयाच्या तिसऱ्या वर्षी सुरू झालेली असते. राज्याने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं, सेमी-इंग्रजी वर्ग निघाले, तरी ते अंतर राहिलंच. स्पीकिंग कोर्सचे बोर्ड त्या न्यूनगंडावर चालतात. पण कॉन्व्हेंटमधल्या मुलीला वहिवाट माहीत नसते. सामाईक विहीर, गायरान, सालगडी, उचल, कोयता हे शब्द तिने ऐकले असले तरी त्यांच्या मागचं जग तिने पाहिलेलं नसतं. भाषांतरात दोन्ही काठांवर पाय लागतो, आणि एक काठ आमच्या मुलीचा जन्माचा आहे. ज्या गोष्टीची तिला लाज वाटायला शिकवलं गेलं तीच इथे भांडवल आहे. साहित्याच्या पेपरात हे भांडवल गाठोड्यात बांधून वर्गाबाहेर ठेवावं लागतं.

यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला चांगलं पकडलं. म्हणाले, "मेकॉलेला १८३५ मध्ये हेच हवं होतं. राज्यकर्ते आणि रयत यांच्यामध्ये दुभाषांचा वर्ग. तुम्ही पोरांना परत दुभाषे करायला निघालात." आक्षेप वजनदार आहे आणि मी काही दिवस त्यावर अडकलो. पण मेकॉलेचा दुभाष्या साहेबाच्या बाजूने बसायचा. त्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला हवा होता तो आपल्या बाजूने बसणारा दुभाष्या, जो कंपनीचं पत्र उलगडून सांगेल आणि कंपनीला तिच्याच भाषेत उलटं पत्र लिहील. ते उलटं पत्र लिहिणं म्हणजेच लेखन. त्याला मुद्दा मांडता यावा लागतो, तारीख-वार बिनचूक लागतात, आवाज चढवायचा कुठे हे कळावं लागतं. आणि शेवटी, साहित्याच्या पदवीने तरी आपण कोण घडवले? बहुतांश कारकूनच की.

दुसरा आक्षेप सोपा वाटतो, पण तो नीट पाहावा. मोबाईल एका सेकंदात भाषांतर करतो, मग हे शिकायचं कशाला? मी वर्गात एक वाक्य दिलं होतं: 'आमच्या गावची पैसेवारी ४७ आली.' पैसेवारी म्हणजे गावच्या पिकाचा सरकारने पैशांत मांडलेला अंदाज. एका पोराने मोबाईलमध्ये टाकलं, तर गावाकडे ४७ पैसे आल्याचं इंग्रजी वाक्य निघालं. वर्ग हसला. पुढच्या वर्षी यंत्र सुधारेल, तेव्हा हसता येणार नाही. पण खरी चर्चा हसून झाल्यावर सुरू झाली. एक मुलगी म्हणाली, '४७ टक्के पीक' असं लिहू. दुसरा म्हणाला, मग पन्नासच्या खाली आली म्हणून गाव टंचाईत धरलं जातं, सवलती लागू होतात, हे त्यात कुठे आलं? टक्का म्हटलं की ती नुसती मोजणी होते, पैसेवारी म्हटलं की तो सरकारी निवाडा असतो. तिसरी म्हणाली, शब्द तसाच ठेवू आणि एकदा समजावून सांगू. मग भांडण लागलं की समजावणं वाक्यात घालायचं की खाली टीपेत, आणि कोर्टाचा कागद असेल तर काय, वर्तमानपत्राची बातमी असेल तर काय. चाळीस मिनिटं गेली. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या कवितेवर माझ्या वर्गात असं भांडण झालेलं मला आठवत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' नावाचं सॉफ्टवेअर आणलं आहे, आणि यंत्राने केलेला मजकूर माणसं तपासतात. तपासणारा माणूस यंत्रापेक्षा शहाणा असावा लागतो. तो घडवायचा कुठे, एवढाच माझा प्रश्न.

साहित्य काढून टाका असं मी म्हणत नाही. ज्याने गद्य मन लावून वाचलेलं नाही त्याचं भाषांतर सरकारी परिपत्रकासारखं लाकडी होतं, 'च्या अधीन राहून' आणि 'सदरहू' यांच्या ओझ्याखाली वाकलेलं. वर्ड्स्वर्थ मी अजूनही शिकवतो, फक्त आता मुलं त्याचं मराठी करून आणतात आणि मी गाईडवर बंदी घालायची गरज उरलेली नाही, कारण गाईडमध्ये ते नसतंच. सर्जनशील लेखनाचं म्हणाल तर माझं मत थोडं कडू आहे: एकोणीस वर्षांच्या पोराने पहिली कथा इंग्रजीत लिहू नये. आजीचं बोलणं ज्या भाषेत ऐकलं त्या भाषेत आधी लिहावी. मराठीत नाव काढलेले कितीतरी लेखक पोटासाठी इंग्रजी शिकवत होते आणि लिहीत मात्र मराठीत होते, ते काही त्यांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे. भाषाशिक्षणाची वाट मात्र ज्याला खरोखर शिकवायचं आहे त्याने बेलाशक धरावी. 'बी.एड. करून बघू, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर काही लागलं तर' म्हणून धरू नये. वर्गात बसलेल्या पोरांना हा फरक पहिल्याच तासाला कळतो.

मग कॉलेजात भाषांतराचा पेपरच नसेल तर? हा प्रश्न मला गेल्या महिन्यात एका मुलीने फोनवर विचारला, जरा चिडूनच. नियमांत थोडी जागा आहे. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट 'स्वयम्'वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घ्यायला यूजीसीची परवानगी आहे, आणि क्रेडिट बँकेमुळे ते खात्यावर जमाही होतात. कॉलेजने मात्र आधी मान्यता द्यावी लागते, ती लेखी मागावी. ओजेटी झेरॉक्सच्या दुकानातून सही-शिक्का आणून उरकण्यापेक्षा एखाद्या वकिलाच्या ऑफिसात, तालुक्याच्या वर्तमानपत्रात किंवा नाहीच जमलं तर तहसीलबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याच्या टेबलाशेजारी करावी. शेवटचं मी गमतीने म्हणत नाही. मराठवाड्यात लेखनाचा सर्वांत जुना आणि सर्वांत वर्दळीचा वर्ग तिथेच भरतो. एकाच गावातली दोन-तीन कॉलेजं मिळून एक भाषांतराचा शिक्षक सहज पोसू शकतात. त्यासाठी संस्थाचालकांनी एकमेकांशी बोलायला हवं, आणि आमच्याकडे संस्थाचालक एकमेकांशी निवडणुकीतच बोलतात, तेही स्टेजवरून.

आमच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला भाषांतराचा पेपर येत्या जूनपासून सुरू करावा म्हणून मी अर्ज दिला आहे. वीस विद्यार्थी दाखवा, असं उत्तर आलं. नोटीस बोर्डावर कोरा कागद लावला. पहिलं नाव त्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्याच्या धाकट्या मुलीचं पडलं. "मी घ्यायले सर, पर पप्पाला अजून सांगितलं न्हाई," असं म्हणून गेली. आज सकाळी पाहिलं तेव्हा अकरा नावं होती. एक खोडलेलं.